लाटणं घेऊन गाडी बघायला

दिघोरी, ता. लाखांदूर
६ नोव्हेंबर २०२४

मामा,

आधी भांडण, मग काम. भाऊबीजेला तुम्ही पुन्हा माझ्या पाया पडलात. मामानं भाचीच्या पाया पडायचं ही आपल्याकडची रीत मला कळते. पण सदुसष्ट वर्षांच्या माणसानं गुडघे धरत वाकायचं आणि चौतीस वर्षांच्या बाईनं फराळाचं ताट हातात घेऊन तसंच उभं राहायचं, हे मला जमत नाही. पुढच्या वर्षी मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसणार आहे, आताच सांगून ठेवते.

आता काम. सासूबाईंचं डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा करावं लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठला भंडाऱ्याच्या दवाखान्यात हजर व्हायचं. इथून पासष्ट किलोमीटर. सासूबाई, आमच्याच गावचे केवळरामजी आणि शेजारच्या गावच्या चंदाबाई अशा तिघांना एक जीपवाला नेतो. तो एकतीस डिसेंबरला जीप विकून मुलाकडे नागपूरला चालला आहे. पहिली एसटी भंडाऱ्याला पोचते तोवर मशीनवर दुसऱ्याचा नंबर लागलेला असतो. एक खेप चुकली तर काय होतं ते आम्ही आषाढात पाहिलं. सासूबाईंचे पाय सुजले, श्वास पुरेना, आडवं होता येईना. ते मला पुन्हा बघायचं नाही.

म्हणून ठरवलं आहे की गाडी मीच घेणार आणि मीच चालवणार. शाळेची व्हॅन चार वर्षं चालवली, ट्रॅक्टर तर लग्नाआधीपासून चालवते. तुमचे जावई भूपेंद्र चालवू शकले असते, पण त्यांना गाडी चालवताना दुसऱ्याच्या बांधीतलं धान न्याहाळायची सवय आहे. तिघं आजारी माणसं त्यांच्या हाती द्यायची माझी तयारी नाही, आणि त्यांचीही नाही.

प्रश्न एवढाच की नवी घ्यावी की जुनी. महिन्याला पावणेदोन-दोन हजार किलोमीटर रनिंग होईल. माझा कल जुनीकडे आहे, आणि त्याचं कारण तुम्ही आहात. माणसांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, पण इंजिनाचं येतं, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. पेचकसाचं, म्हणजे तुमच्या त्या लांब स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावली की तुम्ही अर्ध्या मिनिटात त्या गाडीची कुंडली सांगता. तर एखाद्या रविवारी या. दोन-तीन गाड्या बघून ठेवते.

फोन तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून हे पत्र तुमसर गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. एसटीच्या जुन्या हेड मेकॅनिकचं पाकीट कोणी नाही म्हणत नाही, हे तुमचंच म्हणणं.

तुमची,
रंजिता


तुमसर
११ नोव्हेंबर २०२४

भाचीबाई,

मामाचा नमस्कार घे. खुर्चीवर पाय घेऊन बसलीस तर मी खुर्चीच्या पाया पडीन, पण रीत मोडणार नाही.

तू गाडी घेतेस आणि स्वतः चालवणार हे वाचून फार बरं वाटलं. मामीला दोनदा वाचून दाखवलं.

माझा सल्ला विचारशील तर नवी घे. तुझं रनिंग जास्त आहे. घरगुती माणूस तीन वर्षांत चालवत नाही तेवढी तू एका वर्षात चालवशील. अशा गाडीच्या पोटात पहिल्या दिवसापासून काय गेलं ते मालकाला माहीत पाहिजे. ऑइल वेळेवर बदललं की नाही, पाणी नसताना इंजिन तापवलं की काय, हे जुन्या गाडीच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला रस्त्यात कळतं. नवीत काही बिघडलं तर ते आपल्याच हातून बिघडलेलं असतं.

मला यायला जमणार नाही. गुडघे फार दुखतात. एसटीची पायरीही अलीकडे उंच झाली आहे.

सासूबाईंना नमस्कार सांग. जावयांना सांग, धान बघायचं तर उतरून बघावं.

तुझा मामा,
भैय्यालाल


दिघोरी
१५ नोव्हेंबर २०२४

मामा,

पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसानं पायरी उंच झाल्याची तक्रार करावी! पत्र वाचून सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि त्यांना पाणी मोजूनच द्यायचं असतं हे तुम्हाला माहीत आहे.

नवीचाही विचार केला. भंडाऱ्याच्या शोरूमला जाऊन आले. मला सात जणांची गाडी लागते, कारण प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस असतं. आज बुक केली तर ती होळीला हातात येईल. जीप डिसेंबरात बंद होते. मधले अडीच महिने सासूबाईंना मी काय डोक्यावर घेऊन जाऊ?

दुसरी गोष्ट हप्त्यांची. नवी घेतली तर हप्त्यांसाठी लग्नसराईत वऱ्हाडाची भाडी मारावी लागतील, आणि लग्नाचे मुहूर्त काही आमचे सोमवार-बुधवार-शुक्रवार सोडून निघत नाहीत. ज्या कामासाठी गाडी घ्यायची तेच काम बुडायचं. जुनी रोखीनं येते आणि मग ती माझ्या वेळापत्रकानं चालते.

साकोलीला एका कापड दुकानदाराची गाडी निघाली आहे. पांढरी, चकचकीत, मीटरवर फक्त अडतीस हजार. सगळे म्हणतात डोळे मिटून घे. मी म्हटलं, डोळे मिटीन, पण मामाच्या कानाशिवाय नाही.

तुमचे गुडघे खरंच दुखत असतील तर एक उपाय आहे. मी इंजिनाचा आवाज फोनवर भरून तुमच्या शेजारच्या रिताकडे पाठवते. तिचा फोन कानाला लावून ऐका आणि कळवा.

तुमची,
रंजिता


तुमसर
१९ नोव्हेंबर २०२४

भाचीबाई,

नमस्कार. मोबाईलमधला आवाज हा पत्र्याचा आवाज. त्यावर मी निकाल देत नाही. रिताला त्रास देऊ नकोस.

माझं मत बदललेलं नाही. नवी घे. अडीच महिने थांबायला जीपवाल्याला राजी कर. आणि एक विचार कर. आडरानात गाडी बंद पडली, आत तीन आजारी माणसं आणि चालवणारी बाई. काय करशील?

हा विषय आता इथेच थांबव.

मामा


दिघोरी
२४ नोव्हेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवत होते. "चालवणारी बाई" या शब्दांपाशी आले आणि थांबले. त्या म्हणाल्या, "काहून थांबली? वाच नं समोर." मी म्हटलं, समोर काही नाही, मामींनी आशीर्वाद लिहिले आहेत. तुमच्यासाठी मी खोटं बोलले.

मी बारा वर्षांची होते. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला डेपोत घेऊन गेलात. एक बस कुरकुर करत होती. तुमच्या हाताखालचे दोघं वाकून बघत होते. तुम्ही पेचकसाची मूठ माझ्या कानामागे टेकवली आणि विचारलं, "काय ऐकू येते?" मी म्हटलं, "पोहे भाजल्यावानी तडतडते." तुम्ही त्या दोघांना ओरडून सांगितलंत, "घ्या, पोरीनं सांगतलं. आता इंजेक्टर खोला." आणि बिघाड तिथंच निघाला. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही, इतका मला आनंद झाला होता. तेव्हा मी मुलगीच होते ना?

दोन वर्षांपूर्वी रोवण्याच्या दिवसांत आमचा ट्रॅक्टर चिखलात बंद पडला. बांधीत वीस बाया धानाच्या रोपांचे पऱ्हे हातात घेऊन उभ्या होत्या. डिझेलच्या पाइपात हवा धरली होती. ती मी काढली. कोणी मेकॅनिक आला नव्हता.

दुसरं कोणी हे बोललं असतं तर मी हसून सोडलं असतं. तुम्ही बोललात म्हणून लागलं.

यायचं नसेल तर नका येऊ. गाडी मी घेणार, जुनीच घेणार, आणि एकतीस डिसेंबरच्या आत घेणार.

रंजिता


तुमसर
२९ नोव्हेंबर

रंजी,

मी मामी, आनंदाबाई लिहून राहिली. चौथी शिकली मी, चुका समजून घेजो. तुया मामाले हे पत्र सांगू नको.

उन्हाळ्यात बाजूच्या गल्लीतल्या इश्वरनं जुनी गाडी घेतली. तुया मामानं पेचकस लावून पाह्यला अन् सांगतलं, एकदम सही हाये, घेऊन टाक. त्यायच्या शब्दावर त्यानं घेतली. जुलैत त्याच्या पोरीचा, गुड्डीचा, नर्सिंगचा पेपर होता. बाप तिले घेऊन निघाला अन् गाडी रस्त्यातच जाम झाली. पोरगी रोडवर बसून रडत होती म्हणे. पेपर गेला. मंग मेकॅनिकनं सांगतलं का या इंजिनात ठोका तं पयलेपासूनच होता, बहिऱ्यालेही ऐकू आला असता.

हे शब्द यायच्या समोर कोणी बोललं नाई. पण समजायचं ते समजलं. हाडातून थोडं ऐकू येत होतं तेही गेलं हाये रंजी. कवा गेलं तेही यायले समजलं नाई. इश्वर एका शब्दानं नाई बोलला. बोलला असता तं बरं झालं असतं. तवापासून हे त्या गल्लीनं जात नाई. चहा प्याले डेपोत जाते तं पार तलावाकडून फिरून जाते. पेचकस पलंगाखाली टाकला.

तुया हातावर यायचा पुरा भरोसा हाये. सोताच्या कानावर नाई, अन् हे तुले सांगाची लाज वाटते. म्हणून ते बाईबिईचं लिवलं. तुयं पत्र आलं तवापासून धड जेवून नाई राहिले.

मामी


दिघोरी
५ डिसेंबर २०२४

मामा,

मागचं पत्र रागात लिहिलं होतं. ते चुलीत घाला. मामींच्या हातची भाकर खा आणि मग हे वाचा.

मी आता तुम्हाला यायला सांगत नाही. तुम्ही गुडघे घेऊन घरीच बसा. मी ऐकते आणि लिहिते. तुम्ही वाचा आणि सांगा. डेपोतल्या त्या दिवसासारखंच, फक्त मधे कंडक्टर आहे.

साकोलीच्या दुकानदारानं सोमवारी दहाला बोलावलं होतं. गेले तर बोनेट आधीच गरम. गाडी लोण्यासारखी सुरू झाली. मी छान आहे म्हटलं, चहा घेतला आणि घरी आले. तुम्ही म्हणायचात की डेपोत सकाळी निघणाऱ्या पहिल्या गाडीचाच आवाज खरा, दुपारी सगळ्याच गाड्या गोड बोलतात. ते लक्षात होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, न कळवता भूपेंद्रना घेऊन सकाळी सहालाच त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. तो तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. बोनेट थंडगार होतं.

आमच्या घरात लांब पेचकस नाही. मी लाटणं नेलं होतं. दुकानदाराची बायको म्हणाली, "बाई, पोया कराच्या हायेत का गाडीवर?" मी म्हटलं, हो, पीठ कसं आहे ते बघते. लाटण्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानामागे. भूपेंद्र आत बसून सांगेन तसं ॲक्सिलरेटर दाबत होते.

ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते. सुरू केल्याबरोबर एक जड आवाज, चार-पाच वेळा, मग बंद. पाय दाबला की पुन्हा. इंजिनाच्या वरच्या अंगाला लाटणं लावलं तर कमी, खाली लावलं तर जास्त. टकटक नव्हे. दोन घरं पलीकडे कोणी उखळात धान कांडत असावं तसा. गाडी गरम झाली आणि तो आवाज नाहीसा झाला.

आणखी एक. मीटरवर अडतीस हजार आहेत, पण ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत आहे. एका बाजूनं लोखंड दिसतं.

काय समजू?

तुमची,
रंजी


तुमसर
९ डिसेंबर २०२४

रंजी,

घेऊ नको. फुकट दिली तरी घेऊ नको.

तू लिहिलेला आवाज खालचा ठोका आहे. क्रँकचं बेअरिंग झिजलं आहे. थंड असताना ऑइल वर चढेपर्यंत वाजतं, गरम झालं की लपतं. अशी गाडी महिना-दोन महिने चालेल आणि मग रस्त्यात जाम होईल. म्हणूनच तुला दहाला बोलावलं होतं. मीटर मागे फिरवलेलं आहे. अडतीस हजारांत पेडलचं रबर झिजत नाही, त्याला लाखभर किलोमीटर पाय लागावा लागतो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी तो ठोका मला ऐकू आला. खरं सांगतो. मामीला म्हटलं, थांब, भांडी वाजवू नको. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आता चकचकीत गाड्यांच्या मागे लागू नको. मीटर मोठं असलं तरी चालेल. गावात गिअर बदलून बदलून चाललेल्या चाळीस हजारांपेक्षा हायवेवर एकाच माणसाच्या हातानं चाललेले लाख किलोमीटर बरे असतात. एकच मालक, एकच ड्रायव्हर असलेली गाडी शोध. पुढची बघशील तेव्हा चालवूनही बघ, आणि डावीकडे-उजवीकडे वळताना आवाज कसा बदलतो ते लिही.

ते बाईबद्दल लिहिलं होतं ते मी मूर्खासारखं लिहिलं. सासूबाईंना वाचून दाखवलं नाहीस, हे बरं केलंस.

मामा


दिघोरी
१४ डिसेंबर २०२४

मामा,

गाडी सापडली असं वाटतं. पण तुम्ही म्हणाल तेव्हाच म्हणेन.

भंडाऱ्याचे नंदलालजी. स्वतःची गाडी, स्वतःच ड्रायव्हर, सहा वर्षं भंडारा-नागपूर-भंडारा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मुलीनं चालवू नका म्हणून हट्ट धरला. मीटरवर एक लाख बारा हजार. टॅक्सीची पिवळी नंबरपाटी आहेच, म्हणजे परवान्याची धावपळ कमी. दिसायला मात्र अगदी गरीब. सीट फाटलेली, मागच्या दाराला पोचा, रंग उडालेला. भूपेंद्र म्हणाले, "हे तं आपल्या बैलबंडीहून म्हातारी दिसते."

मी न कळवता सकाळी गेले तर नंदलालजी अंगणातच बसले होते. लाटणं बघून हसले नाहीत. म्हणाले, "ऐका बाई, आरामानं ऐका. मले काई घाई नाई." मग घरातून एक वही आणली. ऑइल कधी बदललं, पट्टा कधी, ब्रेक कधी, सगळं तारखेनिशी. पहिल्या पानावर गाडी आणली त्या दिवशीचं कुंकू आहे.

थंड इंजिन. सुरू झालं ते एका झटक्यात. खाली लाटणं लावलं, काही नाही. नुसती एकसारखी घूं. वर लावलं तर बारीक टिकटिक, शिलाई मशीन सावकाश चालवल्यासारखी, आणि ती गरम झाल्यावरही तशीच. ॲक्सिलरेटर दाबला तर टिकटिक जलद झाली, जड झाली नाही.

मग हायवेवर नेली. चाळीसच्या पुढे एक घरघर सुरू होते, जातं फिरवल्यासारखी. वेग वाढला की वाढते. क्लच दाबला तरी जात नाही. डावीकडे वळलं की वाढते, उजवीकडे वळलं की जवळजवळ बंद होते. मी विचारलं तर नंदलालजी म्हणाले, "खोटं नाई बोलत, दोन महिन्यांपासून हाये. मले वाटे टायर असन."

जीप बंद व्हायला सतरा दिवस उरले आहेत. सासूबाई विचारतात, पण रोज विचारत नाहीत, एक दिवसाआड विचारतात.

रंजी


तुमसर
१८ डिसेंबर २०२४

रंजी,

घे. माझ्या शब्दावर नव्हे, तुझ्या कानावर घे.

टिकटिक टॅपेटची आहे. वय झालेल्या गाडीची ती सवय समज, थोडं ॲडजस्ट केलं की कमी होईल. घरघर उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगची. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या चाकावर येतो, म्हणून वाढते. गाडी घेण्याआधी भंडाऱ्याच्या कोणत्याही मेकॅनिकला ते चाक खोलायला लाव. मी म्हणतो ते निघालं तर बेअरिंग बदल, दोन्ही पुढचे टायर बदल आणि सीट मात्र चांगली शिवून घे. चार तास सुया टोचून घेतलेलं माणूस त्यावर बसणार आहे.

आता दुसरं. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

माझे गुडघे ठीक आहेत. एसटीची पायरीही होती तेवढीच आहे. मला इंजिन ऐकू येत नाही, रंजी. हाडातूनही नाही. उन्हाळ्यात इश्वरची गाडी मी बघितली तेव्हाच येत नव्हतं. मुठीतून हाताला थरथर लागत होती, तिलाच मी आवाज समजलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणवेना. सही आहे, असं सांगून टाकलं. त्याच्या पोरीचं वर्ष गेलं. म्हणून तुला नवी घे, नवी घे म्हणत होतो. नवीला कोणाच्या कानाची गरज नसते.

ज्या भाचीच्या पाया पडतो तिच्याशी सव्वा महिना खोटं बोललो. याचं मला फार वाईट वाटतं.

या पत्राबरोबर कंडक्टर एक लांब पुडकं देईल. त्यात माझा पेचकस आहे. मूठ शिसवीची आहे, मीच बसवली होती. तो पलंगाखाली पडून राहण्यापेक्षा तुझ्या गाडीत असलेला बरा. लाटणं स्वयंपाकघरात परत ठेव, त्याला ऑइलचा वास लागला तर जावई पोळ्या खायचे नाहीत.

तुझा मामा


दिघोरी
४ जानेवारी २०२५

मामा,

चाक खोललं तेव्हा मी शेजारी उभी होते. उजव्या बाजूचं बेअरिंग. मेकॅनिकनं विचारलं, "कोणाले दाखवली होती?" मी म्हटलं, तुमसरला एक हेड मेकॅनिक आहेत, ते पत्रानं बघतात. त्याला वाटलं मी थट्टा करते.

एक तारखेला, बुधवारी, पहिली खेप झाली. पाचला उठून गाडीला हळदीकुंकू लावलं. थंड इंजिन पेचकसानं ऐकलं. शिसवीची मूठ कानामागे अशी बसते की लाटण्याची मला लाजच वाटली. खाली घूं, वर टिकटिक. साडेसातला दवाखान्यात होतो, अर्धा तास आधी. पहारेकरी म्हणाला, "आज जीप नाई?" केवळरामजी म्हणाले, "जीप गेली. आता आमची रंजिताबाई हाये." चंदाबाईंनी पुढच्या सीटवर बसायचा हक्क सांगितला आहे आणि त्यावरून तिथं रोज भांडण होणार असं दिसतं.

येताना एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायचीच होती. जीपमध्ये सासूबाई दांडा घट्ट धरून बसायच्या, घरी येईपर्यंत डोळा मिटायच्या नाहीत. पाच वर्षांत कधी नाही. त्या दिवशी अर्ध्या रस्त्यात मी आरशात बघितलं तर त्यांची मान खिडकीला टेकलेली. मी घाबरून गाडी बाजूला घेतली आणि हाक मारली. त्या म्हणाल्या, "काहून थांबवली वं? चांगली झोप लागली होती." मला रडू आलं, मामा. त्यांना वाटलं गाडी बिघडली.

आता माझी कबुली. मामींनी मला नोव्हेंबरातच सगळं कळवलं होतं. साकोलीचं पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. तुम्हाला दुखवायचं नव्हतं म्हणून बोलले नाही. खोटेपणात आपण दोघं सारखेच. मामींवर रागावू नका.

पण एक नका विसरू. ठोका मी ऐकला होता, पण तो ठोका आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्ही नसता तर ती पांढरी गाडी आज आमच्या दारात उभी असती.

तलावाकडून फिरून जाणं आता बंद करा. थंडी फार आहे.

तुमची,
रंजी


तुमसर
१३ जानेवारी २०२५

भाचीबाई,

मामीनं सांगितलं असणार हे मला साकोलीच्या पत्रातच कळलं होतं. तू मला यायला सांगायचं थांबवलंस, आणि तू अशी सहजासहजी थांबणारी नाहीस. मीही बोललो नाही. मामीवर रागावलो नाही. उलट तिला बाजारातून आवळ्याचा मुरब्बा आणून दिला, तेव्हा तीच घाबरली.

काल इश्वरच्या घरी गेलो. सरळ गल्लीतून. त्याला सांगितलं की तुझी गाडी मी बघितली तेव्हा मला काही ऐकू येत नव्हतं, आणि मी तुला सही आहे म्हणून सांगितलं. गुड्डी दारात उभी होती. तिच्यासमोरच सांगितलं. तिचा पेपर माझ्यामुळे गेला, हेही सांगितलं.

इश्वर बराच वेळ बोलत होता. हात हलवत होता. मला एक अक्षर कळलं नाही. रागावला आहे असं समजून मी मान खाली घालून उभा राहिलो. मग गुड्डीनं भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडलं आणि बापाच्या हातात पेन्सिल दिली. त्यानं मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. ते पान मी घरी आणलं आहे. त्यावर आहे ते असं:

"भैय्याभाऊ, मले माहीत होतं. तुमाले वाईट वाटन म्हणून मी नाई बोललो. गुड्डी मे महिन्यात परत पेपरले बसून राहिली. मी दुसरी गाडी पाहून राहिलो. जुनीच. तुमच्या भाचीनं पत्रातून गाडी घेतली म्हणून डेपोत सगळे सांगून राहिले. तिले बोलवा. ती ऐकन, तुमी वाचजा."

तर येत्या रविवारी ये. तुझीच गाडी घेऊन ये, सासूबाईंना आणि जावयांनाही आण. आल्यावर पाया पडीन, तेव्हा निमूटपणे उभी राहा. पेचकस विसरू नको. पाटी आणि खडू मी घेऊन ठेवला आहे. तू ऐक आणि पाटीवर लिही. मी इश्वरला मोठ्यानं वाचून दाखवतो.

तुझा मामा,
भैय्यालाल